दहातले सहा

"पाच सांगितलेस तर मोठ्या तपासणीला पाठवतील. सात सांगितलेस तर एखाद दिवशी तूच गोत्यात येशील. सहा! दहातले सहा सांगायचे, चार गिळायचे, आणि गिळताना चेहरा असा करायचा की बिचारा किती जीव तोडून आठवतोय बघा."

हे ब्रह्मज्ञान ठोकळ्याला एकविसाव्या वर्षी मिळालं, तेही शॉवरखाली, अंगाला साबण फासलेला असताना. देणारा होता त्या वेळचा कॅप्टन, बचावफळीतला जुना गडी, दोन्ही भुवयांवर टाके आणि नाक कायमचं डावीकडे वळलेलं. ठोकळ्याला तेव्हा ठोकळा हे नावही पडलं नव्हतं. नुकताच फुटबॉल क्लबात आलेला, कुणी काही सांगितलं की मुकाट मान डोलावणारा.

भानगड अशी होती. हंगाम सुरू व्हायच्या आधी क्लबचा डॉक्टर एकेका खेळाडूला खोलीत बोलावतो आणि दहा शब्द वाचतो. चमचा, ढग, दोरी, शिट्टी, असं काहीबाही, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग इकडचं तिकडचं विचारतो, एका पायावर उभं करतो, आणि पाच मिनिटांनी म्हणतो, हं, आता सांगा ते शब्द. जेवढे आठवतील तो आकडा तुमच्या नावापुढे लिहिला जातो. हा तुमचा नेहमीचा आकडा. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की डॉक्टर पुन्हा दहा शब्द वाचणार. आकडा नेहमीपेक्षा खाली आला की संपलं, तुम्ही बाहेर. तीन आठवडे तरी बाहेर, आणि तेवढ्यात तुमच्या जागी दुसरा कुणी चांगला खेळला तर कायमचेच बाहेर. म्हणून मुळातच आकडा खाली ठेवायचा. मार बसल्यावरही सहा तर कुणालाही आठवतात.

गोल करणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ही बचाववाल्यांची घरची विद्या, कारण डोकी त्यांचीच फुटायची. जुन्याने नव्याला सांगायचं, तपासणीच्या दिवशी, शॉवरखाली, नळ मोठा सोडून. कोच स्वतः एके काळी बचावात खेळलेला होता. तपासणीच्या सकाळी तो बचावफळीकडे बघून फक्त विचारायचा, "अभ्यास झाला ना रे?" आणि दात काढत निघून जायचा.

ठोकळ्याने ही विद्या चौदा वर्षं इमानेइतबारे पाळली. बाकी तरी काय होतं त्याच्याकडे! पळण्यात तो मध्यम, पायात कसब बेताचं. पण वरून येणारा बॉल त्याच्या कपाळाला लागला नाही असं व्हायचं नाही. समोरच्या गोलकीपरने आभाळात भिरकावलेला बॉल खाली येताना दगडासारखा येतो. माणसाचं डोकं आपोआप बाजूला होऊ बघतं, त्याला होऊ द्यायचं नाही, एवढंच ते काम. सरावात रोज साठ, सत्तर वेळा तो ते करायचा. कुणी तरी म्हणालं, हा माणूस नाही, लाकडाचा ठोकळा आहे. नाव चिकटलं. त्याला त्याचा राग नव्हता, उलट जरा अभिमानच होता. चौदा वर्षं एकच क्लब, एकच जागा. पेपरात फोटो आला तर पाठमोरा, कारण कॅमेरे गोल करणाऱ्याच्या तोंडासमोर आणि हा त्याच्या मागून धावत येणारा. डोकं दुखायचं, पण सुताराचे हात दुखतात म्हणून कुणी दवाखाना गाठतं का, असं तो म्हणायचा आणि गोळी खाऊन झोपायचा.

गेली पाच वर्षं त्याच्या शेजारी धाकटा खेळत होता. म्हणजे सख्खा भाऊ नव्हे. वय सव्वीस, उंच, हसरा, ठोकळ्याला दादा म्हणणारा, म्हणून सगळे त्याला धाकटा म्हणायचे. दोघं मैदानावर एकमेकांवर इतके ओरडायचे की ठोकळ्याची बायको म्हणायची, माझ्या वाट्याला याच्या निम्मं बोलणं येत नाही. शेजारी खेळणाऱ्या दोघांचा एक नियम असतो. वरून बॉल आला की ज्याचा असेल त्याने "माझा!" म्हणून ओरडायचं, आणि दुसऱ्याने मागे सरायचं. ओरडला नाहीस तर दोन डोकी एकाच बॉलला भिडतात. पाच वर्षांत ते कधी झालं नव्हतं. अर्थात शॉवरखालचं ब्रह्मज्ञान धाकट्याला देणारा ठोकळाच. "सहा, दादा?" असं विचारून तो खो खो हसला होता, "शाळेत नापास व्हायलासुद्धा मला एवढा अभ्यास करावा लागला नाही."

पस्तिसाव्या वर्षी ठोकळ्याला कळलं की आपण विसरतोय.

किल्ल्या, फोन, असलं तर सगळेच विसरतात. हे तसलं नव्हतं. कॉर्नरच्या वेळी कुणी कुणाला अडवायचं याचा तक्ता ड्रेसिंगरूमच्या दारावर लावलेला असायचा. ठोकळा तो वाचायचा, प्रेक्षकांखालच्या बोगद्यातून मैदानावर जायचा आणि गवतावर पाय ठेवेपर्यंत आपल्या वाट्याला कितवा नंबर आलाय हे साफ पुसलेलं असायचं. तो मनगटाच्या पट्टीवर पेनाने नंबर लिहायला लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, मुलीचा वाढदिवस आहे तो. मुलीचा वाढदिवस दर आठवड्याला कसा येतो, हे कुणी विचारलं नाही.

बायकोपासून मात्र ते लपलं नाही. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, दिवसभर सुया आणि बाटल्या. त्याने एका संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारलं की तुझी आई कधी येणार आहे, तेव्हा तिने हातातली सुरी खाली ठेवली.

"क्लबात तपासणी होते ना दरवर्षी? त्यात काय येतं?"

त्याने सांगून टाकलं. शॉवर, कॅप्टन, सहा, सगळं. तिला हसू येईल असं त्याला वाटलं होतं.

"चौदा वर्षं?" ती म्हणाली. "चौदा वर्षं तुम्ही सगळे मिळून डॉक्टरला गंडवताय?"

"गंडवतोय कसलं. सगळेच करतात."

"आमच्याकडे असेच येतात लोक. उपाशीपोटी या म्हटलं की पोटभर हाणून येतात, आणि वर साळसूदपणे सांगतात, पाणीसुद्धा प्यायलो नाही. मग रिपोर्ट काय कप्पाळ खरा येणार?" ती टेबलावर त्याच्या समोर बसली. "हे बघ, या वर्षी एकदा खरं दे. खेळायचं ते खेळ, मी अडवत नाही. पण निदान आपल्या दोघांना कळू दे."

त्याने शब्द दिला. मनातून त्यालाही जाणून घ्यायचं होतं, आणि भीतीही तेवढीच वाटत होती.

क्लबची डॉक्टरीणबाई आठ वर्षांपासून तिथे होती. पन्नाशीची, कडक, बोलायला फटकळ. सामना संपला की ती ड्रेसिंगरूमच्या दारात उभी राहायची आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायची. एकदा महत्त्वाच्या सामन्यात तिने एका फॉरवर्डला बाहेर बसवलं होतं, आणि कोचने आकाशपाताळ एक केलं तरी बधली नव्हती. तिची खोली छोटी होती. वजनकाटा, तपासणीचा बाक, आणि कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा, ज्याच्या गळ्यात खेळाडूंनी कधी तरी क्लबचा मफलर अडकवला होता तो तिने तसाच ठेवला होता.

तिने शब्द वाचले. ठोकळ्याने कान टवकारून ऐकले, एकेक शब्द मनात घट्ट धरला. पाच मिनिटांनी तिने मान वर केली.

"लिंबू," तो म्हणाला. "आरसा. पूल. खुर्ची. पाटी. दोरी."

मग तो थांबला. थांबायची सवय होतीच, दरवर्षी इथेच तो थांबायचा. पण या वेळी त्याने पुढचे शब्द शोधायला हात घातला आणि तिथे काही नव्हतं. एक अक्षर नाही. दरवर्षी गिळायचे ते चार शब्द या वेळी होतेच कुठे! तो जीव तोडून आठवत राहिला.

"राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि जुने कागद चाळले. "सहा. गेल्या वर्षी सहा, त्याच्या आधी सहा. तुमच्यावरून घड्याळ लावून घ्यावं. एवढे बॉल डोक्यावर झेलून तिळमात्र फरक नाही, नवल आहे."

तिने सही केली. ठोकळा बाहेर आला तेव्हा धाकटा भिंतीला टेकून आपल्या पाळीची वाट बघत होता. त्याने डोळा मिचकावून सहा बोटं दाखवली. ठोकळ्यानेही दाखवली.

घरी बायको दारातच उभी होती. "किती?"

खरं सांगितलं असतं तर त्याच क्षणी सगळं आटोपलं असतं, हे त्याला माहीत होतं. आणखी एक हंगाम फक्त. एवढा एक, मग सगळं सांगू, मग मोठ्या डॉक्टरकडे जाऊ.

"नऊ," तो म्हणाला.

तिने त्याला मिठीच मारली. डोळे पुसत हसायला लागली. "आणि दहावा कुठला विसरलास?"

"गाढव," त्याच्या तोंडून निघालं.

"तो कसा विसरलास? रोज आरशात बघतोस की!"

दोघं हसले. तिचं हसणं थांबेपर्यंत तो हसत राहिला.

हंगामाच्या अकराव्या सामन्यात ते झालं. क्लब एका गोलने पुढे, वेळ तासाभराच्या आसपास, समोरच्यांना कॉर्नर. ठोकळ्याने मनगटाकडे बघितलं. घामाने पट्टीवरचा नंबर पसरला होता, तीन की आठ कळेना. तीन नंबरवाला एकीकडे, आठ नंबरवाला भलतीकडे. तो मधोमध उभा राहिला. बॉल वरून आला, सरळ त्याच्याकडे, आणि ओरडायचं असतं हेच त्याला सुचलं नाही. धाकट्याने आवाज आला नाही म्हणून बॉल स्वतःचा मानला आणि उडी मारली. दोन डोकी एकमेकांवर आपटली. पहिल्या रांगेतल्या लोकांनी तो आवाज ऐकला.

ठोकळ्याची भुवई फाटली, बाकी तो उभा होता. धाकटा गवतावर पालथा पडला होता, मग उठून बसला, हसला, म्हणाला, "दादा, ओरडायचं असतं रे." डॉक्टरीणबाई धावत आली. दोघांना रेषेबाहेर घेतलं आणि आळीपाळीने शब्द वाचले.

ठोकळ्याने सहा सांगितले. मग धाकट्याची पाळी. ठोकळा भुवईवर कापूस दाबून शेजारीच बसला होता. धाकटा एकेक शब्द सांगत गेला. पाच झाले. मग तो अडला, वर बघितलं, ओठ हलवले. फार वेळाने सहावा शब्द आला. ठोकळ्याने त्याचा चेहरा बघितला. हा चेहरा खोटा नव्हता. असाच तोही डॉक्टरीणबाईच्या खोलीत बसला होता. याला दहाच्या दहा येतात, चार हरवलेत याचे.

डॉक्टरीणबाईने कागद बघितला. सहा, नेहमीइतकेच. तरी तिचं समाधान होईना. तिने बॅटरीने धाकट्याचे डोळे बघितले आणि एकदम ठोकळ्याकडे वळली.

"तुम्ही रोज याच्या शेजारी खेळता. हा नेहमीसारखा वाटतो का तुम्हाला?"

तिकडे कोच हातवारे करत होता, लवकर, लवकर. नऊ माणसांवर बचाव चालला होता. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्याच्या मागोमाग शॉवर आला असता, चौदा वर्षं आली असती, त्याचे स्वतःचे सहा आले असते, आणि आज संध्याकाळी तो खेळाडू उरला नसता.

"हो मॅडम," ठोकळा म्हणाला, "नेहमीसारखाच आहे."

धाकटा पळत मैदानात गेला. वीस मिनिटांनी, आसपास कुणी नसताना, एक साधा बॉल छातीवर घ्यायला गेला आणि घेताघेता खाली बसला. लोकांना वाटलं, वेळ काढतोय. समोरच्या संघाचे प्रेक्षक शिट्ट्या मारायला लागले. मग तो कुशीवर कलंडला आणि त्याचा एक पाय आपोआप झटके द्यायला लागला, तेव्हा शिट्ट्या थांबल्या.

डोक्यात रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं, जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं असं झालं की एक शब्द काढायला जिन्याचा एक मजला चढावा तसा दम लागायचा. ठोकळा रोज हॉस्पिटलात जाऊन बसायचा. धाकट्याची आई बाकावर सरकून त्याला जागा करून द्यायची.

"तू त्याच्या शेजारी असायचास ना, म्हणून मला कधी घोर नव्हता," ती एकदा म्हणाली. "मी शेजारणींना सांगायचे, माझ्या लेकाला मोठा भाऊ आहे तिथे."

"मावशी," तो म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली. ती समजली की याला रडू येतंय. तिनेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

क्लबने काय केलं? क्लबने काखा वर केल्या. कुणाच्या तरी माथी खापर फोडायला हवं होतं, आणि डॉक्टरीणबाई आयतीच सापडली. तिने मार बसलेल्या खेळाडूला आत सोडलं, कागदावर तिची सही. तिला घरी बसवलं, चौकशी समिती नेमली, आणि डॉक्टरकीचा परवानाच काढून घ्यायची भाषा सुरू झाली. तिने सगळीकडे एकच सांगितलं. आकडा बघा, त्याचा नेहमीचा आकडा सहा, त्या दिवशीही सहा, मी आणखी काय बघायला हवं होतं? पेपरात छापून आलं की ती निर्लज्जपणे आकड्यांमागे लपतेय.

ठोकळ्याला अन्न गोड लागेना. एका रविवारी सकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. नऊ नव्हते, सहा होते. धाकट्याचेही सहा खरे होते, आणि मला दिसलं होतं, आणि डॉक्टरीणबाईने मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो.

तिने उठून टेबलावरची ताटली भिंतीवर फेकली. उभ्या आयुष्यात तिने असं कधी काही फेकलं नव्हतं.

"मला नऊ सांगितलेस! मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटले, नवऱ्याचं डोकं एकदम ठणठणीत म्हणून!" ती रडायला लागली. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "त्या बाईचं वाटोळं होतंय. समितीपुढे जाऊन सांग."

"सांगितलं तर ते माझीच परीक्षा घेतील."

"मग घेऊ देत. आपण तयारी करू."

पंधरा दिवस तिने रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्याला दहा शब्द वाचून दाखवले. कधी पाच आले, कधी सहा, एकदा आठ आले तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. बचावफळीतल्या बाकीच्यांना ठोकळा एकेकाला जाऊन भेटला. म्हणाला, दोघंतिघं बोललो तर ऐकतील. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. कोच म्हणाला, "कसला अभ्यास? मला नाही बाबा काही माहीत. तू जरा विश्रांती घे." धाकट्याकडे तर जायची सोयच नव्हती. त्याला काही विचारलं की तो फक्त टक लावून बघायचा.

चौकशी एका सरकारी छापाच्या खोलीत होती. लांब टेबल, त्यामागे तिघं, मधे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. एका बाजूला क्लबचा वकील, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई, एकटी, पर्स मांडीवर धरून. ठोकळ्याची बायको मागच्या खुर्चीवर. ठोकळ्याने उभं राहून सगळं सांगितलं. कुठे अडखळला नाही. शॉवर, कॅप्टन, गिळलेले चार शब्द, धाकट्याला आपण शिकवलं ते, आणि शेवटी डॉक्टरीणबाईने विचारलं आणि आपण खोटं बोललो ते. सांगताना त्याला रडू कोसळलं, पण तो थांबला नाही. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे डोळे विस्फारून बघत राहिली. आठ वर्षं आपल्या खोलीत काय चाललं होतं हे तिला आत्ता कळत होतं.

वकील उठला. गोड माणूस. आवाज चढवला नाही.

"म्हणजे तुम्हाला खरं तर नऊ-दहा शब्द आठवायचे, आणि तुम्ही मुद्दाम सहा सांगायचात."

"हो."

"तसं असेल तर प्रश्न सोपा आहे. आत्ता आम्ही दहा शब्द वाचतो. नऊ आले तर तुमचे जुने सगळे सहा खोटे, हे आपोआप सिद्ध झालं, आणि मग बाईंचाही दोष नाही. पण सहाच आले, तर तुमचा नेहमीचा आकडा सहाच आहे, आणि तुम्ही बाईंना वाचवायला इथे एक गोष्ट रचून सांगताय. बरोबर?"

अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं.

शब्द वाचले गेले. पाच मिनिटं समिती पाणी पीत, कागद चाळत बसली. ठोकळा खुर्चीची कड धरून बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दहाच्या दहा हवे होते. धाकट्यासाठी, त्या बाईसाठी, बाकावर जागा करून देणाऱ्या मावशीसाठी. मनातल्या मनात त्याने सगळ्या जगाला हात जोडले.

"मीठ," तो म्हणाला. "जिना. घंटा. बदक."

आणि बस्स. चारच. त्याने कपाळावर मूठ मारून घेतली. पुन्हा मारली. "थांबा," तो म्हणाला, "थांबा जरा, येतायत," आणि तिसऱ्यांदा मारली. मागून बायको उठली. वकील खाली मान घालून काही लिहीत होता.

"बस करा!" डॉक्टरीणबाई उभी राहिली. दोन ढांगांत ती त्याच्यापाशी आली, त्याची मूठ धरली, हनुवटी वर करून त्याच्या डोळ्यांत बघितलं. "हे नाटक नाही. हा माणूस आजारी आहे. याला आत्ताच्या आत्ता मोठ्या डॉक्टरकडे न्यायला हवं."

"एक मिनिट," वकील हळूच म्हणाला. "डॉक्टर या नात्याने विचारतो. तुमच्या मते यांची स्मरणशक्ती ढासळली आहे?"

"दिसत नाही का तुम्हाला?"

"म्हणजे चौदा वर्षांपूर्वी शॉवरखाली काय झालं, सामन्यात कोण काय म्हणालं, याबद्दल हे जे सांगतायत त्यावर विसंबून राहता येईल, असं तुम्ही डॉक्टर म्हणून सांगाल?"

वकिलाने कुठे आणून सोडलंय हे तिला कळलं होतं. ठोकळ्यालाही कळलं. तो खालून तिच्याकडे बघत राहिला, डोळ्यांनी विनवत होता की हो म्हणा मॅडम, एवढं एकदा हो म्हणा, मी शब्दन् शब्द खरा बोललोय.

"तसं मी सांगू शकत नाही," ती म्हणाली.

वकिलाने आभार मानले. अध्यक्षांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये तिने ठोकळ्याला बाकावर बसवलं, पर्समधून चिठ्ठ्यांचं पॅड काढलं. क्लबचं नाव छापलेलं होतं त्यावर पेनाने रेघ मारली आणि मोठ्या डॉक्टरच्या नावाने चिठ्ठी लिहायला घेतली.

"मॅडम, तुमचं वाटोळं केलं मी," तो म्हणाला.

"केलंत," ती म्हणाली. "आता गप्प बसा आणि मी विचारते त्याची उत्तरं द्या. त्रास कधीपासून आहे? कागदावरचे आकडे तर काही कामाचे नाहीत, पहिल्या वर्षापासून खोटे. म्हणून आठवून सांगा. कधीपासून?"

"याच उन्हाळ्यापासून," ठोकळा म्हणाला.

"नाही," त्याची बायको म्हणाली.

ती भिंतीशी उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, डॉक्टरीणबाईकडे बघून सांगितलं. "दोन वर्षं होऊन गेली. आईकडून परत येताना हा आपल्याच घराचा रस्ता चुकला, तेव्हाच मला कळलं होतं. मीच मनाशी म्हटलं, आणखी एक हंगाम खेळू दे, मग बघू. मग आणखी एक."

डॉक्टरीणबाईने चिठ्ठीवर दोन वर्षं असं लिहिलं, सही केली आणि ती चिठ्ठी बायकोच्या हातात दिली.